फॅक्टरीच्या तोडीचं काडतूस घरी भरताना: .३०८ रायफलवाल्या नवख्यांसाठी

अमेरिकेत .३०८ विंचेस्टरची रायफल घेतली की पहिलं चांगलं काडतूस म्हणून बहुतेकांच्या हातात पडतं ते फेडरल कंपनीचं गोल्ड मेडल मॅच, १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) सिएरा कंपनीच्या मॅचकिंग बुलेटचं. रायफल त्यावर खूश असते. पण पुढच्या वेळी दुकानात गेलं की एकतर किंमत टोचते, नाहीतर तो लॉट, म्हणजे एकाच खेपेत बनलेला माल, संपलेला असतो. मग रेंजवरचं कुणीतरी सांगतं, "घरी भर की!" त्या टप्प्यावर आलेल्या माणसासाठी हा लेख आहे. उद्दिष्ट एवढंच ठेवू या: फॅक्टरीइतका वेग, तितकाच घट्ट ग्रूप (कागदावर गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागतात ते), आणि सुरक्षित दाब. फॅक्टरीला मागे टाकायचा मोह पहिल्या वर्षी तरी बाजूला ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात पावडरचं वजन कुठेही दिलेलं नाही, आणि ते मुद्दाम. तो आकडा पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपनीच्या छापील मॅन्युअलमधून घ्यायचा असतो. मित्राच्या वहीतून नाही, इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाकडून नाही, माझ्याकडूनही नाही.

आधी व्हिसा बघा

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायला मात्र लागतो, त्यामुळे मित्राला "दोन डबे भरून देतो, पैसे दे" हा व्यवहार करू नका. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते आपापल्या राज्याचे बघायचे.

आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना. पुढची मेख अनेकांना माहीत नसते: त्या कायद्यात काडतुसाच्या व्याख्येत नुसती पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच), प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टिकली), बुलेट आणि पावडरही येते. म्हणजे बंदूक घरात नसली तरी प्रायमरची डबी बाळगणं हासुद्धा तोच गुन्हा ठरू शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर काहीही विकत घेण्याआधी वकिलाला विचारा.

भारतात हा छंद असा मोकळा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. आणि रेंजवर नेता ती बॅग घेऊन कधीही मुंबईच्या विमानात बसू नका. खणात विसरलेल्या एका काडतुसामुळे विमानतळावर अटक होते. प्रवासाची बॅग वेगळी, रेंजची वेगळी.

नक्कल कशाची करायची

काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत पावडर, तोंडात बसवलेली बुलेट. नवख्या माणसाच्या डोक्यात पहिली कल्पना येते ती अशी: फॅक्टरीचं एक काडतूस उघडू, पावडर तोलू, तेवढीच आपण भरू. हे करू नका.

काडतुसांचे कारखाने पावडर घाऊक भावात, मोठ्या लॉटमध्ये घेतात. एका लॉटचा जळण्याचा वेग दुसऱ्यापेक्षा बराच वेगळा असू शकतो. कारखान्याकडे दाब मोजायची यंत्रणा असते, त्यामुळे प्रत्येक लॉटसाठी ते वजन बदलून घेतात. तुम्हाला दुकानात मिळते ती पावडर वेगळ्या पद्धतीने हाताळलेली असते: लॉट एकमेकांत मिसळून तिचा वेग ठरावीक मर्यादेत आणलेला असतो, म्हणूनच तिच्यासाठी मॅन्युअल छापता येतं. काडतुसातून निघालेले दाणे दिसायला आयएमआर ४०६४ या दुकानात मिळणाऱ्या पावडरसारखे असले तरी ते तेच आहेत असं नुसतं बघून कुणीही सांगू शकत नाही. शिवाय त्यांची पुंगळी, त्यांचा प्रायमर, त्यांची चाचणीची नळी (बॅरल) हे सगळं वेगळं. म्हणून फॅक्टरीची कृती उचलायची नाही. तिचा निकाल आपल्या रायफलमध्ये मोजायचा, आणि आपल्या सामानाने, मॅन्युअलच्या मर्यादेत राहून, त्या निकालापर्यंत चालत जायचं.

बुलेट मात्र तीच घेता येते, कारण सिएरा ती सुटी विकते. तीच घ्या. बुलेट एक असली की हवेतला प्रवासही एकसारखा होतो, आणि जुळवायला फक्त वेग आणि सातत्य उरतं. १६८ ग्रेनची मॅचकिंग मूळ ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी घडवलेली. हजार यार्डांजवळ तिचा वेग ध्वनीच्या वेगाशी येतो आणि ती डळमळते, त्यामुळे तेवढ्या लांब जायचं असेल त्यांनी सुरुवातीपासून १७५ ग्रेनची धरावी. ५०० - ६०० यार्डांपर्यंतच्या माणसाला १६८ उत्तम.

पहिला दिवस फक्त फॅक्टरीच्या काडतुसांचा

डब्यावर १६८ ग्रेनसाठी प्रतिसेकंद २,६५० फूट वेग छापलेला असतो. तो २४ इंची चाचणी नळीतला. तुमची नळी २० इंची असेल तर दर इंचाला साधारण २० ते २५ फूट वेग कमी होतो, म्हणजे तुमच्याकडे २,५५० - २,५७० दिसलं तर त्यात काही चुकलेलं नाही. इथेच अनेक जण फसतात. छापील २,६५० गाठायचं म्हणून छोट्या नळीत पावडर वाढवत जातात आणि दाबाची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

त्यामुळे एकाच लॉटचं फॅक्टरी काडतूस घ्या, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावा आणि आपल्या नळीतला वेग मोजा. आता गार्मिनचं झेरो किंवा लॅबरडार यांसारखी रडारवर चालणारी यंत्रं मिळतात. ती बाजूला ठेवली की झालं, नळीला काही टांगावं लागत नाही. मॅग्नेटोस्पीड नळीला बांधतात, त्याने वेग नीट कळतो पण गोळी लागायची जागा सरकते, म्हणून ते लावून ग्रूप मोजू नका.

किती गोळ्या? पाच पुरत नाहीत. वेगाचं खरं प्रमाण विचलन (वेग सरासरीच्या आजूबाजूला किती पसरतात ते) १० फूट असेल, तर पाच गोळ्यांच्या मोजणीत ते ४ दिसू शकतं आणि १६ सुद्धा. २० गोळ्या मारल्या की तोच आकडा साधारण ७ ते १३ च्या दरम्यान येतो. पाच गोळ्यांवरून "माझं विचलन चार आलं!" असं आनंदाने सांगणारे रेंजवर पुष्कळ भेटतील. त्यांचं अभिनंदन करा, पण स्वतःसाठी अख्खा डबा वापरा. सरासरी वेग, विचलन, तापमान, लॉट क्रमांक आणि १०० यार्डांवरचे दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रूप वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी तुलना या पानाशी होणार आहे.

रिकाम्या पुंगळ्या एकही न सोडता गोळा करा. तुमच्याच चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) फुगून त्याच्या मापाच्या झालेल्या आहेत त्या. त्याच लॉटच्या दुसऱ्या डब्यातलं एक काडतूस मात्र न मारता ठेवा, त्याचं काम पुढे आहे.

पुंगळी

माझ्या मते घरच्या काडतुसाचा निम्मा दर्जा इथे ठरतो, आणि नवखे लोक नेमकं इथेच घाईत असतात.

आधी पुंगळी पुसून तपासा. बुडाच्या जरा वर आडवी चकचकीत रेघ दिसली तर ती फेकून द्या, पितळ तिथे आतून पातळ झालंय आणि कधीतरी तिथेच तुटणार. मानेला (बुलेट बसते त्या वरच्या अरुंद भागाला) चीर असेल तरी तेच.

मग साइझिंग, म्हणजे फुगलेली पुंगळी प्रेसमधल्या डाय नावाच्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणणं. बाहेरून तेल लावल्याशिवाय पुंगळी डायमध्ये घालू नका, नाहीतर ती आत अशी अडकते की दिवस वाया जातो. तेल पातळ हवं. खांद्यावर (मानेखालच्या उतरत्या भागावर) जास्त झालं तर तिथे पोचा पडतो. डाय किती खाली बसवायचा याचं उत्तर डब्यातल्या सूचनापत्रकात नाही, तुमच्या चेंबरमध्ये आहे. व्हर्नियरला हेडस्पेस कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा मोजणीचा जोड) लावा, डागलेल्या पुंगळीचा बुडापासून खांद्यापर्यंतचा आकडा घ्या, आणि डाय एवढाच खाली आणा की तो आकडा एक ते दोन हजारांश इंचाने कमी होईल. दोन हजारांश म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. प्रेसचा दांडा खाली येताना हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दर वेळी थोडा थोडा डाय फिरवून पुन्हा मोजायचं. खांदा यापेक्षा जास्त मागे ढकलला की पुंगळी प्रत्येक वेळी ताणली जाते आणि ती चकचकीत रेघ लवकर येते.

साइझिंगनंतर लांबी बघा. .३०८ च्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, कापून आणायची ती २.००५ वर. लांब राहिलेली मान चेंबरच्या टोकाला टेकली तर बुलेटला सुटायला जागा राहत नाही आणि दाब एकदम वाढतो. कापल्यावर तोंडाच्या आतल्या-बाहेरच्या कडा हलक्या हाताने मोडा. तेल पुसून टाका.

सगळ्या पुंगळ्या एकाच कंपनीच्या ठेवा. जवळपास याच मापाच्या लष्करी ७.६२ च्या पुंगळ्या बऱ्याचदा जाड भिंतीच्या असतात, आत जागा कमी, म्हणजे तेवढ्याच पावडरला दाब जास्त. फेडरलचं पितळ मऊ मानलं जातं. काही भरण्यांनंतर नवा प्रायमर बसवताना तो अगदी सहज आत जायला लागला, बोटाला काहीच जोर जाणवला नाही, की ती पुंगळी बाद करा.

काम झालं की हात धुवा. डागलेल्या पुंगळ्यांच्या धुळीत प्रायमरमधलं शिसं असतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा मुलं खेळतात त्या खोलीत हे काम नको.

पावडर: खालून वर

पहिला नियम असा की टेबलावर एका वेळी एकच पावडरची बाटली. दुसरी कपाटात. काम संपलं की मापकातली उरलेली पावडर लगेच तिच्याच बाटलीत परत जाते. मापकात काय आहे याची खात्री नसेल तर ती टाकून द्या. चुकीच्या पावडरने रायफल फुटते आणि समोर तुमचं तोंड असतं.

साठवणीचंही इथेच सांगतो. पावडर मूळ बाटलीतच ठेवा. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या प्रचलित मानकानुसार घरात २० पौंडांपर्यंत ती मूळ डब्यांत ठेवता येते, पण आपल्या शहराचे नियम त्याहून कडक असू शकतात.

आता मॅन्युअल उघडा. तुमची बुलेट, तुमची पावडर, तुमचा प्रायमर. .३०८ मध्ये १६८ ग्रेनसाठी आयएमआर ४०६४ आणि हॉजडनची वारगेट या दोन्ही जुन्या, भरवशाच्या पावडरी आहेत. वारगेटचा वेग तापमानाने तुलनेने कमी बदलतो, त्यामुळे मिशिगनच्या थंडीत जुळवलेलं काडतूस ॲरिझोनाच्या उन्हात मारणाऱ्याने तिचा विचार करावा. मॅन्युअलमध्ये सुरुवातीचं आणि कमाल अशी दोन वजनं असतात. तुम्ही सुरुवातीच्या वजनापासूनच निघायचं. दोन मॅन्युअलचे आकडे वेगळे असतील तर कमी आकडा धरा.

वजनकाटा आधी शून्यावर आणा आणि प्रमाणित वजन ठेवून तपासा. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि पंख्याच्या वाऱ्यानेही काटा हलतो. सुरुवातीच्या वजनापासून ०.३ ग्रेनच्या पायऱ्या करा, प्रत्येक पायरीची तीन काडतुसं पुरेत, आणि प्रत्येकावर मार्करने वजन लिहा. सगळ्या पुंगळ्यांत पावडर पडली की त्या ट्रेमध्ये उभ्या ठेवून वरून टॉर्च मारा. एकाच वजनाच्या सगळ्यांतली पातळी एकसारखी दिसली पाहिजे. एखादी कमी-जास्त वाटली की ती ओतून पुन्हा तोला. हे पाहिल्याशिवाय एकही बुलेट बसवू नका.

रेंजवर कमी वजनापासून सुरुवात करा आणि प्रत्येक गोळीनंतर पुंगळी हातात घेऊन बघा. प्रायमरची गोल कडा सपाट होऊन खाचेत पसरली आहे का? बुडाच्या अक्षरांवर बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाच्या) इजेक्टरने, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीने, चकचकीत अर्धवर्तुळ उमटवलंय का? बोल्टचा दांडा उचलताना आधीपेक्षा जोर लागतोय का? यातलं काहीही दिसलं की तिथेच थांबायचं, वरच्या पायऱ्यांची काडतुसं घरी नेऊन उघडायची. पण उलट अर्थ काढू नका. खुणा दिसल्या नाहीत म्हणजे दाब सुरक्षित, असं नाही. .३०८ साठी दाबाची मान्य कमाल सरासरी ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे, आणि अनेक रायफलींमध्ये या खुणा ती ओलांडल्यावरच दिसतात. मला सगळ्यात भरवशाची खूण वाटते ती क्रोनोग्राफवरची. त्याच बुलेटला, त्याच लांबीच्या नळीत, मॅन्युअलपेक्षा जास्त वेग मिळायला लागला, तर तो जास्तीच्या दाबातूनच येतोय. फुकटचा वेग नसतो.

.३०८ मध्ये ढोबळमानाने एक ग्रेनला ५० फूट वेग वाढतो. म्हणजे ०.३ च्या पायरीला १५ फूट. वहीतल्या फॅक्टरी सरासरीच्या आसपास पोचलात की थांबा. मॅन्युअलची कमाल आली आणि वेग अजून ३० फूट कमी आहे? तरीही थांबा. ५० फुटांच्या फरकानेसुद्धा ३०० यार्डांवर गोळी जेमतेम इंचभर खाली लागते, ६०० वर चार इंचांच्या आसपास. स्कोपच्या दोन-तीन क्लिकमध्ये तो भरून निघतो.

पायऱ्या मारताना दोन वजनांना जवळपास एकच वेग आला की काही जण तिथे जादूची जागा सापडली असं मानतात. दोन-तीन गोळ्यांवरून तसं म्हणता येत नाही. तेच वजन २० गोळ्यांनी तपासलं की ती जागा बहुतेक वेळा विरून जाते.

कधी गोळीचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का हलका लागला, तर पुढची गोळी मारू नका. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, नळीतून उजेड दिसतो का बघा. बुलेट आत अडकलेली असू शकते.

बुलेट किती आत

ते न मारलेलं काडतूस आता काढा. पूर्ण लांबी मोजून फारसं कळत नाही, कारण मॅचकिंगच्या टोकाची छिद्रं एकसारखी नसतात. कंपॅरेटर लावून बुडापासून बुलेटच्या फुगीर भागापर्यंतचं माप घ्या आणि आपलं काडतूस त्याच मापावर आणा. पूर्ण लांबी तेव्हा साधारण २.८०० इंच येते आणि ती मॅगझिनमध्ये बसते. रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकवून बघण्याचे प्रयोग सध्या नकोत, टेकलेल्या बुलेटने दाब वाढतो. ग्रूप मनासारखा येत नसेल तर काही हजारांश इंच आत घेऊन बघा, तेही कमाल वजनावर नाही. बुलेट आत गेली की पुंगळीतली जागा कमी होते.

आमनेसामने

निवडलेल्या वजनाची २० काडतुसं भरा आणि त्याच लॉटची फॅक्टरी काडतुसं घेऊन एकाच दिवशी जा. आधी एक प्रकार आणि मग दुसरा असं करू नका, नळी तापते, वारा बदलतो, तुम्ही थकता. एकाच कागदावर दोन वर्तुळं ठेवून पाच त्यांच्या, पाच आपल्या, असं आलटून पालटून मारा. सरासरी वेगात १५ - २० फुटांचा फरक, विचलन तेवढंच, ग्रूप तेवढाच आणि मध्य जवळपास त्याच जागी, असं झालं तर जुळलं. गोल्ड मेडल मॅच हे फार चांगलं काडतूस आहे, त्याच्या बरोबरीला आलेलं घरचं काडतूस ही मोठी मिळकत आहे. ग्रूप सारखा पण मध्य थोडा सरकलेला, हे अगदी नेहमीचं. स्कोप पुन्हा शून्यावर आणा.

जुळल्यावर डब्यावर चिठ्ठी लावा: तारीख, बुलेट, पावडर आणि तिचा लॉट, वजन, प्रायमर, पुंगळी कितव्यांदा भरली, आणि कुठल्या रायफलसाठी. तुमच्या रायफलला जुळलेलं काडतूस मित्राच्या रायफलमध्ये घालायला देऊ नका. त्याचं चेंबर वेगळं.

पावडरची नवी बाटली आणली आणि लॉट बदलला, किंवा दुकानात नेहमीचा प्रायमर नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेतला, तर वजन मॅन्युअलच्या सुरुवातीच्या आकड्याकडे खाली आणा आणि पायऱ्या पुन्हा चढा. प्रायमर बदलला तरी दाब बदलतो, आणि कमाल वजनाजवळ तेवढा बदलही पुरेसा असतो.